एकच गट, दोन निर्णय

डाएट शीतपेयांतल्या अ‍ॅस्पार्टेमला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै 2023 मध्ये 'कदाचित कर्करोगकारक' अशा '2बी' गटात टाकले. पावाच्या मैद्यात वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट त्याच्या बरेच आधीपासून त्याच गटात आहे. तरीही भारताने 2016 मध्ये ब्रोमेटवर बंदी घातली, अ‍ॅस्पार्टेमला मात्र मर्यादित परवानगी आहे. असे का?

हा गट पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगतो. किती खाल्ल्याने अपाय होईल, हे नाही. त्यासाठी प्राण्यांवरील चाचण्यांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही, तिला साधारणपणे 100 ने भागतात: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी 10. अ‍ॅस्पार्टेमची ही मात्रा दर किलो वजनामागे 4000 मिलिग्रॅम होती, म्हणून माणसाची रोजची मर्यादा दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. ब्रोमेट डीएनएलाच इजा करू शकते, त्यामुळे त्याची सुरक्षित मात्रा ठरवणे कठीण. शिवाय पाव त्याच्याशिवायही छान फुगतो.

अ‍ॅस्पार्टेमची ही मर्यादा वजनावर ठरते, हे पालकांनी लक्षात ठेवायलाच हवे. 15 किलोच्या मुलासाठी ती 600 मिलिग्रॅम होते, आणि डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असू शकते. पाकिटावर 951 हा क्रमांक दिसला, तर तो अ‍ॅस्पार्टेमचा. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ते टाळावेच. घटकांची यादी सहज वाचता येईल अशा अक्षरांत छापली जावी, हा आपला हक्क आहे. तो मागायला हवा.