सगळ्यांची मिळून एक पाटी



आमच्या बाई मधल्या सुट्टीत टॅबवर काय करत असतात, असे पुष्कळ जणांनी मला विचारले. माझ्या आजीला तर वाटले की बाई सिनेमा बघतात. म्हणून बाई मला म्हणाल्या, "या अंकात तूच लिही. तुला त्यातलं सगळ्यांत जास्त माहीत आहे." असे त्या का म्हणाल्या ते पुढे येईलच. मी चौथीत आहे. आमचे गाव पाटण तालुक्यात आहे.

आपली पाटी एकाचीच असते. मी लिहिले की मलाच दिसते. शेजारणीला दाखवायचे तर पाटी फिरवावी लागते. हे भित्तिपत्रक सगळ्यांना दिसते, पण डिंक लावून चिकटवले की संपले. मागच्या अंकात माझ्या हातून 'धरण'चे 'धरन' झाले, ते सगळा महिना तसेच भिंतीवर राहिले आणि सगळे हसले. टॅबवरची पाटी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ते एकच पान असते, पण ते पुष्कळ जणांना एकाच वेळी उघडता येते आणि सगळ्यांना त्यात लिहिता येते. आम्ही जे वापरतो त्याला गूगल डॉक्स म्हणतात. त्यात एका वेळी शंभर जण काम करू शकतात. आमचा अख्खा पट बसला तरी जागा उरेल!

आम्ही आमच्या वर्गात लिहितो आणि चेंबूरच्या एका महापालिका शाळेतली मुले त्याच पानावर लिहितात. चेंबूर म्हणजे मुंबईचे उपनगर. माझे काका तिथे राहतात, म्हणून मला ठाऊक आहे. आजी म्हणाली, "आगं, ती पोरं मम्हईत बसून लिवत्यात, ते हितं कसं उमटतंय?"

तर ते असे. ते पान आमच्या टॅबमध्ये नसतेच. ते दूर कुठेतरी कंपनीच्या मोठ्या संगणकात ठेवलेले असते. मी 'क' दाबला की तो आधी तिकडे जातो आणि तिथून चेंबूरला जातो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे होते. (रेंज असली तर. आमच्या शाळेत रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीपाशी आहे, म्हणून टॅब तिथे ठेवतो. पावसाळ्यात तीही जाते.) दोघांनी एकाच ओळीत एकाच वेळी लिहिले तर काय होईल, असे मी विचारले. बाईंनी आम्हाला रांगेत बसवले आणि एकाला मध्ये घुसायला सांगितले. पुढचे सगळे एकेक जागा सरकले. तो मोठा संगणकही असेच करतो. मी ओळीच्या सुरुवातीला तीन अक्षरे घातली, तर चेंबूरच्या मुलाचे अक्षर तो मोजून तीन घरे पुढे सरकवतो. म्हणून एकाचे अक्षर दुसऱ्याच्या अक्षरावर बसत नाही.

अशी सगळ्यांना बदलता येणारी पाने पहिल्यांदा वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकेतल्या माणसाने 1995 साली काढली. त्यांना त्याने 'विकी' म्हटले. हवाई बेटांवरच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती. त्या शब्दाचा अर्थ आहे 'लवकर लवकर'. त्यावरूनच पुढे 2001 साली विकिपीडिया आला. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच. त्यातल्या प्रत्येक पानावर 'इतिहास पहा' असे लिहिलेले असते. ते दाबले की कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले ते सगळे दिसते. हे मी तेव्हा नीट ऐकले असते तर बरे झाले असते.

बाई हे सगळे आमच्यासाठीच शिकतात असे नाही, त्या स्वतःसाठीही शिकतात. आपल्या केंद्रातल्या आणि बाहेरच्या मिळून काही शिक्षकांचे एक वेगळे पान आहे. त्यात ते आपल्या अडचणी लिहितात. आमच्या वर्गात 612 भागिले 6 केले की निम्म्या मुलांचे उत्तर 12 येत होते. मधले शून्य सगळे विसरत. बाईंनी ते त्या पानावर लिहिले. चेंबूरच्या सरांनी खाली लिहिले, 'माझ्याही वर्गात हेच होते. खोट्या नोटा वापरून बघा.' दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदाच्या नोटा आणल्या. शंभराच्या सहा, दहाची एक आणि रुपयाची दोन नाणी. सहा जणांना वाटायचे. शंभराची एकेक मिळाली. दहाची नोट एकच, ती सहा जणांत कशी वाटणार? कोणालाच मिळाली नाही, म्हणून तिथे शून्य. मग ती मोडून बारा रुपये झाले आणि दोन दोन वाटले. उत्तर 102. आता कोणी विसरत नाही. बाईंनी ते तिकडे कळवले तेव्हा आणखी एका गुरुजींनी लिहिले, 'नोटांऐवजी चिंचोके घेऊ नका, मुले दहाचा गठ्ठा सोडून मोजत बसतात.' बाई म्हणतात, "दोन शिक्षकी शाळेत मी कोणाला विचारू? आता विचारायला माणसं आहेत."

चेंबूरच्या सरांनी बाईंना सांगितले की, त्यांच्या जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथल्या लोकांनी अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्याबरोबर 'क्लिक्स' नावाचे मोठे काम केले. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतल्या सरकारी शाळांत संगणकावरून शिकवायचे, आणि शिक्षकांनी मोबाइलवरच्या गटांत एकमेकांना विचारायचे. त्याला युनेस्कोचा 2017 सालचा पुरस्कार मिळाला. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे डिसले गुरुजी तर सर्वांना माहीत आहेत. त्यांची शाळाही आपल्यासारखी जिल्हा परिषदेची. 2020 साली त्यांना जगातल्या शिक्षकांचा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातले निम्मे पैसे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. हे ऐकून आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मी नसते दिले." खरे बोलला म्हणून बाई रागावल्या नाहीत.

आता माझी गोष्ट.

आमच्या दोन्ही वर्गांच्या पानाचे नाव होते 'आमचे पाणी कोठून येते?' चेंबूरच्या मुलांनी छान लिहिले होते. मुंबईला सात तलावांतून पाणी येते. त्यांतले विहार आणि तुळशी हे मुंबईतच आहेत आणि बाकीचे लांब ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांत आहेत. विहार तलाव 1860 साली झाला. त्यांच्या सरांनी प्रत्येक वाक्यापुढे मुलांचा हजेरी नंबर घालायला लावला होता. त्यात 14 नंबरने लिहिले होते, 'गावाला पाणी फुकट मिळते. आम्हाला विकत घ्यावे लागते.'

ते वाचले आणि मला राग आला. आमच्याकडे पावसाळ्यात छत्री उलटी होते इतका पाऊस पडतो, पण एप्रिलमध्ये हीर तळ दाखवते. मग आई ओढ्यातल्या झऱ्यावर जाते. वाटीने पाणी भरायचे. एका हंड्याला किती वेळ लागतो ते मी मोजले आहे. ती पहाटे तीन खेपा करते, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी. दुपारी पाय धरून बसते. याला फुकट म्हणतात होय? बाई बाहेर खिचडी वाढत होत्या. टॅब माझ्यापाशी होता. मी ती दोन्ही वाक्ये पुसून टाकली. पानावर काही खूण राहिली नाही. मी खिचडी खायला गेले.

दोन दिवसांनी चेंबूरच्या सरांचा बाईंना फोन आला. "बाई, आमच्या मुलीचं वाक्य तुम्ही का काढलंत? ती म्हणते, तिकडच्या बाईंना माझं आवडत नाही. आता ती लिहायलाच बसत नाही."

बाईंना काही कळेना. त्यांनी पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. तिथे ती वाक्ये होती! मधून रेघ मारलेली. आणि बाजूला बाईंचे नाव, तारीख, वेळ दुपारी 12 वाजून 40 मिनिटे. त्याचे कारण असे की, लहान मुलांना स्वतःचे खाते काढता येत नाही, म्हणून आम्ही सगळे बाईंच्या खात्यातून लिहितो. आम्ही काहीही केले तरी ते बाईंच्या नावावर लागते. बाई 12 वाजून 40 मिनिटांनी कुठे होत्या ते सगळ्या वर्गाला माहीत होते. टॅबपाशी कोण होते तेही माहीत होते. कोणी बोलले नाही. माझे कान गरम झाले. मी उभी राहिले.

बाईंनी विचारले, "पुसलंस का?" मी आईचे सांगितले. सांगता सांगता रडू आले. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तिला कसं कळणार? तू तर तिचंच पुसलंस, तुझं लिहिलंस कुठं?"

बाईंनी जुनी आवृत्ती परत आणली. वाक्य होते तिथे आले. त्याखाली मी लिहिले, 'हे मी पुसले होते. बाईंनी नाही. हजेरी नंबर 7.' मग झऱ्याचे सगळे लिहिले. टॅबला बोलून लिहिता येते, पण मी 'हीर' म्हटले की तो 'हिरा' लिहितो. म्हणून बोटाने एकेक अक्षर लिहिले.

चार दिवस काही आले नाही. मी रोज सुट्टीत बघत होते. पाचव्या दिवशी तिचे अक्षर हलताना दिसले. पान उघडे असले की दुसरा लिहीत असताना त्याची छोटी रेघ पुढे पुढे सरकते, ती दिसते. तिने लिहिले की तिचे घर टेकडीच्या उतारावर आहे. नळ खाली आहे. पाणी पहाटे येते आणि थोडाच वेळ असते. तिची आई कॅन घेऊन पायऱ्या चढते. नाही मिळाले तर कॅनला पैसे द्यावे लागतात. शेवटी तिने विचारले, 'तुझी आई किती पायऱ्या चढते?' मी लिहिले, 'पायऱ्या नाहीत. पायवाट आहे. घसरते.'

मग तिने स्वतःच आपले वाक्य बदलले. आता ते असे आहे : 'गावाला पाण्याचे पैसे पडत नाहीत पण कष्ट पडतात. आम्हाला दोन्ही पडतात.' शेवटचे मला अजून पूर्ण पटलेले नाही. पण मी पुसले नाही. बाजूला टिपण लिहायची सोय असते, तिथे लिहिले आहे. त्यावर आमचे अजून चालू आहे.

आता आम्हीही प्रत्येक वाक्यापुढे हजेरी नंबर घालतो. बाईंनी टॅबचा वार लावून दिला आहे आणि रिचार्ज त्या स्वतःच्या पैशाने करतात, हे पालकांना माहीत असावे म्हणून लिहिले.

गेल्या शनिवारी मी आजीला शाळेत घेऊन आले. आजीने पान बघितले. तिने बाईंना आमची जुनी हीर कोणी खणली, तिच्यात किती परस पाणी असायचे ते सांगितले. बाईंनी ते आजीच्याच बोलीत लिहून घेतले आणि पुढे 'आजी' असे घातले. पाच मिनिटांत चेंबूरहून कोणीतरी विचारले, 'परस म्हणजे किती?' आजीने दोन्ही हात पसरले आणि टॅबपुढे धरले. तिला वाटले तिकडे दिसतील. मग आम्ही पट्टी आणून आजीचे हात मोजले.