भूक पोटाची नसते तेव्हा

ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची तिसरी वाटी घेणाऱ्याला कोणी आजारी म्हणत नाही. दावतीत दोन घास जास्त जातातच. पण भूक नसताना, सर्वांची नजर चुकवून, भराभर, पोट दुखेपर्यंत कोणी खात असेल, थांबावेसे वाटूनही हात थांबत नसेल आणि नंतर स्वतःचीच किळस येत असेल, तर त्याला खादाडपणा म्हणून सोडून देऊ नये. तो ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ हा आजार असू शकतो. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने घडत राहिले तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात.

याच्या मुळाशी बहुतेकदा तणाव असतो. परीक्षेच्या सकाळी मुलांना नाश्ता जात नाही, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. अचानक आलेल्या भीतीने भूक मरते. पण तणाव आठवडेच्या आठवडे टिकला की उलटे घडते. मूत्रपिंडांवरील ग्रंथी ‘कॉर्टिसॉल’ नावाचे संप्रेरक सोडत राहतात. त्याने भूक वाढते, गोड आणि तेलकट पदार्थांची ओढ लागते. ते खाल्ले की मेंदूला घटकाभर बरे वाटते. मग मेंदू हेच शिकतो : मन दुखले की डबा उघडायचा. रात्रीची झोप उडाली तर भूक आणखी चाळवते.

घटकाभराचा आराम संपला की शरम येते आणि ती शरम हाच नवा तणाव होतो. भरपाई म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी जेवत नाही. संध्याकाळी उपाशी शरीर दुप्पट मागते आणि चक्र पुन्हा फिरू लागते. हा आजार सडपातळ माणसालाही होतो, म्हणून तो घरच्यांच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी आपली जीभ औषधही ठरते आणि विषही. “किती खातेस! अशाने स्थळ कसे यायचे?” हे खालाजानचे वाक्य मुलीच्या ताटातला घास कमी करत नाही, तो फक्त बंद दाराआड नेते. त्यापेक्षा “बेटा, हल्ली कसली काळजी आहे?” असे विचारावे. तिन्ही वेळचे जेवण वेळेवर आणि एकत्र व्हावे. कोणाच्या वजनाची चर्चा दस्तरखानावर नको. रोजांच्या दिवसांत हा त्रास वाढू शकतो, म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे आणि मनाचा आजार हाही आजारच आहे.

हा आजार बरा होऊ शकतो. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत यात उपयोगी पडते, गरज पडल्यास डॉक्टर औषधेही देतात. कोणाकडे जावे हे कळत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तापासाठी डॉक्टरकडे जाताना आपण लाजत नाही, मग इथेही लाजायचे कारण नाही.