घरांतील तबकड्यांचें संपूर्ण श्रवण



ग्रंथसंग्रह बाळगणाऱ्या गृहस्थानें आपलीं सर्व पुस्तकें वाचलेलीं असतातच असें नाहीं, आणि तसें कबूल करावयास तो फारसा लाजतहि नाहीं. परंतु ज्याच्या घरीं गाण्याच्या तबकड्यांचा संग्रह असतो, त्याची मात्र अशी समजूत असते कीं, आपण आपला सारा संग्रह ऐकलेला आहे. ही समजूत बहुधा खरी नसते. दीडदोनशें तबकड्यांपैकीं वीसपंचवीसच पुनःपुन्हां यंत्रावर चढतात, आणि त्यांचीहि ठराविक बाजू. बाकीच्या कपाटांत उभ्या असतात. पुढें घर बदलण्याचा किंवा वडीलधाऱ्यांच्या मागें सामान आवरण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांत काय आहे हें कोणास सांगतां येत नाहीं, आणि त्या रद्दीबरोबर जातात. याकरितां घरांतील प्रत्येक तबकडी, क्रमानें व दोन्ही बाजूंनीं, निदान एकदां तरी ऐकावी, असें मला वाटतें. तें कसें करावें आणि त्यांतून काय हातीं लागतें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. आपल्याकडे बहुधा दोन जातींच्या तबकड्या असतात. जुनी जात लाखेची. ती मिनिटास ७८ फेरे घेते. १० इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, आणि हातून पडली कीं तिचे तुकडे होतात. दुसरी जात विनाइलची. ती १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें बाजारांत आणली. हिचे फेरे मिनिटास ३३⅓, आणि १२ इंची तबकडीची एक बाजू वीस ते पंचवीस मिनिटें चालते. वीस मिनिटांच्या बाजूवरील चर उलगडून सरळ केला, तर तो ४०० मीटरांहून अधिक लांब भरेल.

दोन्ही जातींस एकच सुई चालत नाहीं. लाखेच्या तबकडीची सुई जाड असते. ती विनाइलवर ठेवली, तर चर कायमचा बिघडतो. लाखेची तबकडी स्पिरिटनें पुसूं नये, कारण लाख स्पिरिटांत विरघळते. विनाइल सुक्या फडक्यानें घासलें कीं त्यांत वीज उत्पन्न होऊन तें उलट धूळच ओढून घेतें. म्हणून मऊ ब्रश हलक्या हातानें फिरवावा. तबकड्या एकावर एक रचूं नयेत व उन्हांत ठेवूं नयेत. त्या वांकड्या होतात.

वेळाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. समजा, २०० तबकड्या आहेत व प्रत्येक सरासरी ४० मिनिटांची आहे. एकूण ८,००० मिनिटें, म्हणजे सुमारें १३३ तास झाले. रोज संध्याकाळीं एक तबकडी ऐकली, तर सात महिन्यांच्या आंत काम पुरें होतें. नियम तीनच ठेवावे. कपाटांतील क्रम मोडूं नये. ऐकतांना दुसरें काम करूं नये. आणि ऐकून होतांच वहींत कलावंत, राग अथवा गीत, लेबलावरील क्रमांक व तबकडीची स्थिति यांची नोंद करावी. आवडनिवड बाजूस ठेवणें, हेंच यांतील मुख्य पथ्य आहे.

अशा श्रवणानें पहिली गोष्ट कळते ती ही कीं, वेळाच्या मर्यादेनें गाण्याचा आकार कसा घडविला. १९३७ सालीं दिवंगत झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका पुढें विनाइलवर एकत्र निघाल्या. त्यांत प्रत्येक चीज तीन मिनिटांत आपलें सर्वस्व सांगून मोकळी होते. त्यांच्यामागून अमीर खाँसाहेबांची १९६० मधील तबकडी लावावी. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. येथें गवयास सावकाश पाऊल टाकावयास जागा मिळाली आहे. दोन्ही तबकड्या वेगवेगळ्या दिवशीं ऐकल्या, तर हा फरक केवळ स्वभावाचा वाटतो. लागोपाठ ऐकल्या म्हणजे त्यांत यंत्राचा वाटा किती, तें उमगतें.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तबकडीचे फेरे सारखेच राहतात, परंतु बाहेरचें वर्तुळ मोठें व आंतलें लहान. त्यामुळें कडेपाशीं चर सुईखालून सेकंदास सुमारें ५० सेंटिमीटर वेगानें जातो, आणि लेबलाजवळ हा वेग २० सेंटिमीटरांच्या आसपास येतो. तितकाच ध्वनि थोड्या जागेंत बसवावा लागतो व त्याचे बारीक कंगोरे बोथट होतात. आतां आपल्या ख्यालाची मांडणी पाहा: विलंबित आधीं, द्रुत मागाहून. म्हणजे तबकडी जेथें दुबळी, नेमक्या तेथेंच जलद ताना येतात. अखेरच्या ताना खरखरीत ऐकूं आल्या, तर गळ्यास दोष देण्यापूर्वीं हें ध्यानांत आणावें.

तिसरा लाभ घराच्या इतिहासाचा. कोणती बाजू झिजली आहे व कोणती कोरी आहे, यावरून घरच्या माणसांची आवड वाचतां येते. आमच्या घरीं नाट्यगीतांची एक तबकडी आहे. ती मीं आपण होऊन कधींच निवडली नसती. क्रमानें तिची पाळी आली, तेव्हां पाकिटाच्या कोपऱ्यांत वडिलांच्या अक्षरांत 'पहिला पगार' एवढेच दोन शब्द दिसले. वडील आज हयात नाहींत. आईस विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "ही घेतली तेव्हां घरांत यंत्र कुठें होतें? दोन वर्षें आम्ही शेजारीं जाऊन ऐकायचों." इतक्या वर्षांत ही गोष्ट तिनें कधीं सांगितली नव्हती, कारण कोणी ती तबकडी लावलीच नव्हती. आई आतां ऐंशीच्या पुढें आहे. संग्रह ऐकण्यास पुष्कळ वेळ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तबकड्यांचा विचार करतों; तो सांगणाऱ्या माणसांचाहि करावयास हवा.

आपल्या कपाटांतील एकादी उपेक्षित तबकडी किती मोलाची ठरेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील निवडक संगीत पाठविलें गेलें. त्यांत गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. निवड झाल्यावर ती तबकडी सहजासहजीं मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या खोक्यांत, तिच्या न उघडलेल्या प्रती सांपडल्या. तें खोकें कोणी आधींच आवरून टाकलें असतें तर?

म्हणून यादी पुरी झाल्यावर दुर्मिळ वाटणाऱ्या तबकड्यांचें संगणकावर ध्वनिमुद्रण करून घ्यावें, आणि वहीची एक प्रत घरांतील तरुण माणसाच्या स्वाधीन करावी. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सभासदांनीं अशाच नोंदींतून जुन्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास जुळविला आहे. ज्यांस संग्रह देऊन टाकावयाचा असेल, त्यांनीं खुशाल द्यावा; परंतु ऐकून द्यावा, आणि वहीसह द्यावा.