गांज्याचा झुरका आणि अरुंद धमनी

गांजा ओढल्यावर काही मिनिटांतच नाडी जलद होते आणि धडधाकट माणसाला त्याचे फारसे काही जाणवत नाही. मात्र ज्याच्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीत हीच धडधड कळ उठवू शकते. गांज्यातील मुख्य मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल किंवा टीएचसी, सिम्पथेटिक मज्जासंस्थेला, म्हणजे संकटकाळी शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेला, चेतवते व हृदयाची प्राणवायूची गरज वाढवते. त्याच वेळी धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो.

या दुहेरी पेचाचे मोजमाप अमेरिकेत विल्बर्ट ॲरोनॉव्ह आणि जॉन कॅसिडी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अंजायना, म्हणजे श्रमाने छातीत कळ येण्याचा विकार, असलेल्या दहा रुग्णांना त्यांनी एकदा गांज्याची आणि एकदा टीएचसी काढून घेतलेल्या गांज्याची सिगारेट ओढायला दिली, तेव्हा कळ येईपर्यंत व्यायाम करता येण्याचा अवधी पहिल्या खेपेस ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या खेपेस ९ टक्क्यांनी घटला. दुसरा आकडा लहान असला तरी अधिक बोलका आहे, कारण नशा वजा केल्यावरही नुसता धूर आपले काम करतोच, आणि ‘वनस्पतीच तर आहे’ या लाडक्या समर्थनाला त्यात परस्पर उत्तर मिळते.

मरे मिटलमन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,८८२ रुग्णांची माहिती तपासली आणि प्रत्येकाच्या झटक्याआधीच्या तासाची तुलना त्याच्याच एरवीच्या सवयीशी केली. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट आढळला, पुढे तो झपाट्याने ओसरला. अर्थात त्या तासात गांजा ओढलेले रुग्ण अवघे नऊ होते, त्यामुळे दिशा दाखवण्यापलीकडे या आकड्यावर भार टाकणे योग्य नव्हे.

शिवाय गांज्यामुळे उभे राहताना रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, आणि कळेसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीही तेच करत असल्याने दोन्ही एकत्र आल्यास भोवळ येऊन पडण्याची भीती राहते. धूर टाळून भांग घेणेही निर्धोक नाही. भारतात अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, पण नुसत्या पानांची भांग व्याख्येबाहेर ठेवली. तिच्यात धूर नसला तरी टीएचसी असतेच, आणि पोटातून गेल्यावर त्याचा अंमल उशिरा चढत असल्याने ‘काहीच झाले नाही’ असे समजून दुसरा पेला घेतला जातो.