वायूचे गणित आणि शून्याचा घोळ

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरात अकरावीचे मूल रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून बसले, की वायूच्या नियमांआधी शब्दांचीच अडचण उभी राहते. हिंदी पुस्तकात ‘ताप’ म्हणजे तापमान. आपल्याकडे ताप म्हटले की आजीचा हात आधी नातवाच्या कपाळाकडे जातो. बडोद्याच्या गुजराती पुस्तकात आकारमानाला ‘कद’ म्हणतात, बेळगावच्या कन्नड पुस्तकात ‘गात्र’. पहिला शब्द आपल्याला उंचापुऱ्या माणसाची आठवण करून देतो, तर दुसरा हातापायांची! इंग्रजी माध्यमातील मुलाला हा त्रास नसतो. पण त्याचा प्रश्न मराठीत उलगडून सांगणे आईवडिलांना अवघड जाते. मग सगळेच सूत्र पाठ करण्यावर तडजोड करतात.

सूत्र तसे लहान आहे. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार करावा, त्याला तापमानाने भागावे. बंदिस्त वायूच्या बाबतीत हे उत्तर बदलत नाही. एवढे बहुतेक मुलांना येते, आणि तरीही गणित चुकते. सूत्र विसरल्यामुळे ते क्वचितच चुकते. बहुतेक वेळा मोजणी कोणत्या शून्यापासून करावयाची, हेच ध्यानात घेतलेले नसते.

हवा १० अंश सेल्सिअसवरून २० अंशांवर गेली, तर तिचे तापमान दुप्पट झाले असे मूल सहज म्हणते. त्याला तेच आकडे फॅरनहाइटमध्ये मांडण्यास सांगावे. ५० वरून ६८! आता दुप्पट कोठे गेली? सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू आहे. तो माणसाने सोयीसाठी निवडला, वायूला त्याचे काही देणेघेणे नाही. वायूचा स्वतःचा शून्य फार खाली आहे. फ्रान्समध्ये चार्ल्सने १७८७ च्या सुमारास यासंबंधी प्रयोग केले, पण ते छापले नाहीत. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये स्वतःची मोजमापे प्रसिद्ध करताना चार्ल्सचा प्रामाणिकपणे उल्लेख केला, म्हणून आज नियमाला चार्ल्सचे नाव आहे. दाब कायम ठेवून वायू थंड केला, तर दर अंशाला त्याचे आकारमान शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे २७३व्या हिश्शाने घटते. ही घट अखंड चालली असे मानले, तर उणे २७३ अंशांवर आकारमानच संपावे. प्रत्यक्षात त्याआधीच वायूचा द्रव होतो. परंतु मोजणीचा खरा शून्य तोच. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसनने १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली, ती याच दिशेने. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवावयाचे ते एवढ्यासाठी. त्या मोजणीने आपली हवा २८३ वरून २९३ वर गेली, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढली.

दाबालाही असाच एक फसवा शून्य आहे, आणि पाठ्यपुस्तके त्याविषयी फारसे बोलत नाहीत. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये छापलेल्या प्रयोगात इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी होती. तिच्या आखूड, बंद टोकात हवा कोंडलेली होती, आणि लांब, उघड्या टोकातून तो पारा ओतीत गेला. दोन्हीकडील पाऱ्याच्या पातळीत सुमारे २९ इंचांचा फरक पडला तेव्हा कोंडलेली हवा निम्मी झाली. पण दाब दुप्पट झाला हे त्याने कशावरून ठरविले? बाहेरचे वातावरणही सुमारे २९ इंच पाऱ्याएवढाच दाब देत होते, आणि बॉइलने आपल्या कोष्टकात प्रत्येक ओळीला तो मिळविला होता. तो मिळविला नसता, तर नियम त्याला सापडलाच नसता.

पंक्चरवाल्याच्या मीटरवर हा मिळवलेला भाग दिसत नाही. टायरमध्ये ‘३० पौंड हवा’ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ३० पौंड अधिक. खरा दाब, बाहेरचे सुमारे १५ पौंड धरून, ४५. सकाळी २७ अंशांवर भरलेली ही हवा मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर धावून ५७ अंशांपर्यंत तापली असे समजू. सूत्रात सेल्सिअसचे आकडे तसेच घातले, तर मीटर ६३ पौंड दाखवील असे उत्तर येते आणि टायरचे भवितव्य चिंताजनक दिसू लागते! खऱ्या शून्यांपासून मोजले, तर तापमान ३०० वरून ३३० झाले, दाब ४५ वरून साडेएकोणपन्नास, आणि मीटरवर साडेचौतीस. टायर फारसा फुगला नाही असे मानून आकारमान येथे कायम धरले आहे.

परीक्षेतील गणिताला मी सूत्राऐवजी जुन्या मास्तरांची रीत पसंत करतो. एका वायूचे आकारमान २७ अंश आणि ७५० मिलिमीटर दाबाला ६०० मिलिलिटर आहे. शून्य अंश आणि ७६० मिलिमीटरला किती? आधी विचारावे, तापमान घटले तर वायू वाढेल की आक्रसेल? आक्रसेल, म्हणून ६०० ला २७३ छेद ३०० ने गुणावे. दाब वाढला, म्हणजे आणखी आक्रसेल. म्हणून ७५० छेद ७६० ने गुणावे. उत्तर सुमारे ५३९. ते ६०० हून अधिक आले असते, तर चूक तेथल्या तेथेच कळली असती. (जाता जाता: मोलचे आकारमान वडिलांना २२.४ लिटर पाठ असते आणि मुलाच्या पुस्तकात २२.७ असते. दोघांचेही बरोबर आहे. १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी थोडा कमी, एक बार, असा ठरविण्यात आला.)

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हे गणित पुस्तकाबाहेर आले. अनेक घरांत पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर होता, आणि तो सकाळपर्यंत पुरेल का, हा प्रश्न होता. लहान सिलिंडरचे एक प्रचलित माप सुमारे १० लिटरचे असते. मीटर १०० वातावरणे दाखवीत असेल, तर आतील खरा दाब १०१. बॉइलच्या नियमाने बाहेरच्या दाबाला हा वायू १०१० लिटर भरेल. त्यातले शेवटचे १० लिटर मात्र आपणहून बाहेर येणार नाहीत, कारण आतला व बाहेरचा दाब तेव्हा सारखा झालेला असेल. उरले १०००. म्हणजे येथे मीटरचाच आकडा घेऊन चालते, आणि ते का चालते हेही समजते. मिनिटाला २ लिटर सोडले, तर ५०० मिनिटे, सव्वाआठ तासांहून थोडे अधिक. दुसऱ्या सिलिंडरची सोय अर्थातच त्याच्या पुष्कळ आधी करावी लागते.

हाच हिशेब स्वयंपाकाच्या गॅसला लावू पाहणारा फसतो. त्या सिलिंडरमधील १४.२ किलो माल बहुतांशी द्रवरूप असतो, वायू फक्त वरच्या पोकळीत. शेगडीकडे जेवढा वायू जातो, तेवढा द्रव उकळून त्याची जागा भरतो. त्यामुळे अर्धा सिलिंडर संपला तरी, तापमान तेच असेल तर, आतील दाब जवळजवळ तोच राहतो, आणि द्रव संपल्यावर एकाएकी उतरतो. ऐन सणाच्या दिवशी पुरणावरच गॅस जातो, त्यात दाबाने आधी सूचना न दिल्याचाही भाग आहे. येथे बंदिस्त वायूचे सूत्र लागूच होत नाही, कारण वायूचे प्रमाण कायम नाही. किती उरला हे वजन करूनच कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर लिहिलेले असते. नाहीतर घरोघरच्या बायका करतात तसे ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत एक पट्टा पुसावा. वरचा भाग लवकर वाळतो, आणि जेथून खाली ओल रेंगाळते, तेथपर्यंत द्रव असतो.