विमानाच्या शेपटाकडचे रंग

सुटे भाग जोडून विमानाची प्रतिकृती तयार करण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. पंख जुळतात, चाके बसतात आणि शेवटी उरते ते मागचे नोझल, म्हणजे जेट इंजिनाचा तप्त झोत बाहेर पडण्याचे तोंड. आग आहे तेथे काजळी असणारच, असे समजून बहुतेक जण त्याला काळा रंग फासतात. पण जेट इंजिनात गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हवा येत असल्याने काजळी वाटते तेवढी साचत नाही. खऱ्या नोझलच्या उघड्या धातूवर पिवळसर, तपकिरी, जांभळ्या, निळ्या छटा दिसतात. हे रंग कोणी दिले?

कोणीच नाही! ते उष्णतेने उमटवलेले असतात. धातू हवेत तापला की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. काही प्रकाश पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, तर काही खालच्या धातूवरून. हे तरंग एकत्र येताना काही रंग क्षीण होतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. तापमान वाढले की पापुद्रा जाड होतो आणि रंग पालटतो. साध्या पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग येतो. इंजिनातील मिश्रधातूंवर हेच रंग अधिक तापमानाला उमटतात.

हे करून पाहा, मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली. लोखंड कापायच्या करवतीच्या तुटक्या पात्याचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा. पाते चकचकीत झाले की पकडीत धरून त्याचे एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. ज्योतीकडून पकडीकडे निळा, जांभळा, तपकिरी, पिवळा असे पट्टे सरकत जाताना दिसतील. पाते पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावू नका.

आता हाच क्रम प्रतिकृतीवर उतरवायचा. आधी नोझलला तकतकीत काळा आणि त्यावर पातळसा धातूच्या झाकेचा रंग द्या. तो वाळल्यावर पारदर्शक रंगांचे विरळ हात द्या. जास्त तापणाऱ्या भागाकडे निळा, मग जांभळा, तपकिरी आणि कमी तापणाऱ्या भागाकडे पिवळसर. दोन रंगांमध्ये ठळक रेघ नको. तापमान हळूहळू उतरते, म्हणून रंगही हळूहळूच बदलले पाहिजेत. जेथे धातू अतिशय तापतो तेथे पापुद्रा जाड होऊन छटा नाहीशा होतात. तेथे मळकट करडा-तपकिरी रंग योग्य.

रंग भडक मात्र करू नका. प्रतिकृती १:७२ प्रमाणाची असेल आणि तुम्ही ती ३० सेंटिमीटरवरून पाहत असाल, तर ते खरे विमान ३० × ७२, म्हणजे २,१६० सेंटिमीटर किंवा सुमारे २१.६ मीटरवरून पाहण्यासारखे आहे. इतक्या अंतरावरून छटा मंद दिसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मिग-२१ चेच पाहा. १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आलेले हे विमान नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यातही तयार होत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये ते हवाई दलातून निवृत्त झाले. यापुढची मुले ते संग्रहालयात किंवा प्रतिकृतीतच पाहणार. नोझलवरचे रंग म्हणजे इंजिनाने किती ताप सोसला याची त्याने स्वतः लिहिलेली नोंद. तिच्यावर काळा रंग फासला, तर ती पुसली जाईल. म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी ही नोंद वाचायला शिका.