पेसाहची साफसफाई आणि आजींचा बाजा

पेसाहचा सण जवळ आला की आपल्या घराघरांतून कपाटे रिकामी होऊ लागतात. हामेत्झचा कणही राहू नये म्हणून वर्षानुवर्षे वर ठेवलेल्या पेट्या खाली उतरतात, आणि ‘आल्टे झाखेन’ अशी आरोळी देत रस्त्याने हिंडणाऱ्या भंगारवाल्याची चंगळ होते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात असेच घडले. काळ्या कापडाने मढविलेली एक जड पेटी नातवंडांनी नीट उघडूनही न पाहता त्याच्या गाडीत टाकली. सण आटोपल्यावर नव्वदीला टेकलेल्या आजींनी विचारले, “माझा बाजा कुठं ठेवलात रे?” कोणाच्याही तोंडून शब्द फुटेना. मुंबईहून येताना घरातली कितीतरी भांडीकुंडी वाटून टाकून आजींनी तो चावीचा ग्रामोफोन मात्र सोबत आणला होता.

ही हकीकत ऐकल्यापासून आमच्या मनाला चुटपुट लागून राहिली आहे. म्हणून जुन्या ग्रामोफोनविषयी आणि रेकॉर्ड प्लेअरविषयी, त्यांची पारख कशी करावी आणि त्यांचे मोल कशात असते याविषयी, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

सपाट तबकडीवर ध्वनी उमटविण्याची युक्ती एमिल बर्लिनर यांची. हॅनोव्हर येथे १८५१ साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे अमेरिकेत जाऊन १८८७ साली त्यांनी ग्रामोफोनचे पेटंट मिळविले. १९०२ साली फ्रेड गेझबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. १९०८ पासून तेथेच तबकड्या तयार होऊ लागल्या आणि बाजा हिंदुस्थानच्या घराघरांत शिरला. डोंगरी, मांडवी, भायखळा या वस्त्यांतील आपल्या वडीलधाऱ्यांना त्या वेळचा थाट ठाऊक आहे. चाळीत एकाकडे बाजा असला म्हणजे तो साऱ्या चाळीचाच असे. शब्बाथ संपून हवदाला झाली की चावी फिरू लागे, आणि बालगंधर्वांच्या नाहीतर हिराबाई बडोदेकरांच्या स्वरांनी जिने भरून जात.

या तबकड्या म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे एका उदाहरणाने पटेल. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट ज्यांच्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्याच समाजाचे. त्या बोलपटाच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. ज्या गाण्यांनी त्या काळी लोकांना वेड लावले, ती आता कोणालाही ऐकता येत नाहीत. जे तबकडीवर उतरले ते वाचले. जे उतरले नाही ते हवेत विरले.

आता पारखीविषयी. आपल्याकडील जुनी यंत्रे साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार चावीच्या बाज्याचा. त्यास वीज लागत नाही. पोलादी कमान थाळी फिरविते आणि सुईची थरथर साउंडबॉक्समधील पातळ पडद्यावर जाऊन मोठी होते. हिज मास्टर्स व्हॉइसचा १०२ क्रमांकाचा पेटीबाजा १९३१ पासून पुढे पाव शतकाहून अधिक काळ विकला जात होता. त्यामुळे तो दुर्मीळ नाही. तथापि साउंडबॉक्स मूळचा, झाकण शाबूत आणि कमान अखंड असल्यास त्यास मागणी चांगली असते. साउंडबॉक्सचे रबर कालांतराने दगडासारखे कडक होते आणि आवाज खरखरतो. परंतु हा दोष दुरुस्त करता येतो. कमानीतील ग्रीस सुकले म्हणजे आतून धक्के ऐकू येतात; जाणत्या कारागिराकडून तेही साफ होते. रंग उडाला म्हणून घरच्या घरी नवा रंग मात्र देऊ नये. जुना, झिजलेला पण मूळचा रंग संग्राहकास अधिक प्रिय असतो.

याफोच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पितळी कर्ण्याचे चकचकीत बाजे दिसतात. कुत्र्याचे चित्र पाहून अनेकजण भुलतात. त्यांतील पुष्कळसे अलीकडे जुळविलेले असतात : एखाद्या मोडक्या पेटीबाज्याचे यंत्र, त्यास नवी लाकडी पेटी आणि वर नवा कर्णा. अस्सल जुने कर्णे बहुधा रंगविलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. तेव्हा झगमगाट जितका अधिक, तितकी शंकाही अधिक घ्यावी.

दुसरा प्रकार विजेवरील यंत्रांचा. ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८ साली आणि ४५ फेऱ्यांची १९४९ साली बाजारात आली. त्यांच्यासाठी निघालेल्या यंत्रांत इंग्लंडचे गॅरार्ड ३०१ (१९५४) व ४०१ (१९६५), स्वित्झर्लंडचे थोरेन्स टीडी १२४ (१९५७) आणि जपानचे टेक्निक्स एसएल १२०० (१९७२) यांना संग्राहक आजही मान देतात. आपल्या घरांत बहुधा साधे चेंजर किंवा एच.एम.व्ही.चे फिएस्टा असत. बाजारात त्यांस मोठी किंमत येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. असे यंत्र घेताना थाळीचा आस हलतो काय, रबरी चाकास खळगा पडला आहे काय, टोनआर्म मोकळेपणी फिरतो काय, एवढे तरी पाहावे.

एक सूचना विशेष महत्त्वाची. अमेरिकेतील आप्तांकडून पुष्कळांना रेकॉर्ड प्लेअर मिळतात. तेथील वीज ११०-१२० व्होल्टची आणि ६० सायकलची. येथील २३० व्होल्टची आणि ५० सायकलची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, सायकल बदलत नाही. त्यामुळे जुनी एसी मोटर एक षष्ठांशाने मंद फिरते. ७८ च्या ६५ फेऱ्या होतात आणि गाणारी बाई पुरुषासारखी गाऊ लागते! यंत्र बिघडले असे समजून कित्येकांनी ते टाकून दिले असेल. वस्तुतः मोटरवरील पुली बदलली की बहुधा काम भागते.

तसेच सुईचे. लाखेच्या ७८ तबकडीची रेघ रुंद असते. तिला सुमारे ३ मिलचे, म्हणजे इंचाच्या हजारांश भागाच्या तिप्पट, टोक लागते. लाँग प्लेला १ मिल किंवा त्याहून बारीक टोक लागते. चावीच्या बाज्याचा भार शंभर ग्रॅमहून अधिक, तर चांगल्या आधुनिक यंत्राचा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून चावीच्या बाज्यावर लाँग प्ले कदापि लावू नये. एका फेरीतच तिचा नाश होईल. पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी घ्यावी. बाजा ठेवून देताना कमानीची चावी उतरवून ठेवावी, आणि तबकड्या आडव्या न रचता उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्यात. येथील उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेली तबकडी वाकडी झाल्याशिवाय राहत नाही.

सरतेशेवटी मोलाचा प्रश्न. बाजारभाव यंत्राच्या दुर्मीळतेवर, अस्सलपणावर आणि स्थितीवर ठरतो. परंतु आणखी एक हिशेब आहे, तो बाजार करीत नाही. ज्या बाज्यासमोर एखादीची मेंदी रंगली, ज्याच्या आवाजात वैराण दिमोनातले किंवा यरुहाममधले पहिले एकाकी दिवस सरले, त्याची किंमत त्या घरातील माणसांनीच करावयाची असते. विकणे हा काही अपराध नव्हे. जागा अपुरी असते, गरज असते. पण विकण्यापूर्वी घरातील वृद्धांस विचारावे, तबकड्यांची नावे लिहून काढावीत, आणि जमल्यास त्यांतील आवाज नव्या साधनांवर उतरवून घ्यावा. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६४ पासून ध्वनिसंग्रह आहे आणि निरनिराळ्या ज्यू समाजांचे संगीत तेथे जतन केले जाते. घरी जपणे अशक्य झाल्यास तेथे विचारणा करून पाहावी.

आजींचा बाजा काही परत मिळाला नाही. नातवाने याफोच्या बाजारात तीन शुक्रवार घालविले आणि अखेरीस तसाच दुसरा विकत आणला. आजींनी झाकण उघडले, थाळीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, “हा माझा नव्हे. पण लाव, आणलाच आहेस तर.” वाचकहो, येत्या पेसाहला पेटी खाली उतरलीच, तर ती आधी उघडून पाहा.